आजोबा, जरा हसा पाहू!

दोस्तांनो, समजा, आई-बाबा कामावर गेलेत. घरात तुम्ही आणि आजोबा दोघंच. चहा पिता पिता आजोबांच्या हातून कप निसटतो. "काय झालं आजोबा?" असं विचारावं, तर त्यांचे शब्द बोबडे येतात. तुम्हाला वाटतं, थकले असतील. पडू दे घटकाभर!

थांबा! नेमकी इथंच चूक होते.

आपल्या मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू मात्र तो २० टक्के वापरतो. हा प्राणवायू रक्तातून येतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की पुढचा पुरवठा बंद! मग दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. हाच पक्षाघाताचा झटका. कुणी त्याला लकवाही म्हणतात.

तो ओळखायचा कसा? अगदी सोपं आहे.

१. आजोबांना हसायला सांगा. तोंड एका बाजूला वाकडं होतंय का?
२. दोन्ही हात समोर उचलायला सांगा. एक हात खाली येतोय का?
३. एखादं साधं वाक्य म्हणायला सांगा. जीभ अडखळतेय का?

यातलं एक जरी अचानक दिसलं, तरी लगेच १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. मग आई-बाबांना कळवा, शेजारच्या काकांना हाक मारा. अचानक एका डोळ्यानं दिसेनासं होणं, तोल जाणं, डोकं भयंकर दुखणं हीसुद्धा धोक्याची घंटाच बरं का!

आता घड्याळ बघा. आजोबा शेवटचे ठणठणीत कधी होते, ती वेळ कागदावर लिहून ठेवा. डॉक्टर ती हमखास विचारतील. कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तेही सीटी स्कॅन करून, मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे पाहिल्यावरच. म्हणून स्वतःच्या मनानं कुठलीच गोळी देऊ नका. पाणी किंवा चहाही नको; गिळता न आल्यानं ठसका लागू शकतो.

आणि दहा मिनिटांत सगळं आपोआप बरं झालं तर? तरीही दवाखान्यात जायचंच! पुढच्या मोठ्या झटक्याची ती सूचना असू शकते.

मग आज रात्री जेवणं झाली, की आजी-आजोबांसोबत हा हसण्याचा खेळ खेळून बघणार ना? त्यांचं नेहमीचं हसू नीट लक्षात ठेवा. ते बदललं, तर सर्वांत आधी तुम्हालाच कळेल!