शिकवीत शिकणें

गोदावरीच्या कांठीं वसलेलें गंगाखेड संत जनाबाईंचें जन्मस्थान म्हणून सर्वांस परिचित आहे. तेथील एका पदवीधर मुलीनें मला मध्यंतरीं विचारलें, "सर, परदेशीं जाऊन इंग्रजी शिकवावें आणि तिकडची भाषा शिकून घ्यावी असें मनांत आहे. मराठी शाळेंत शिकलेल्या मुलीला हें साधेल काय?" श्रोतेहो, तिला जें सांगितलें तेंच आज थोड्या विस्तारानें सांगतों.

भाषा देऊन भाषा घेण्याचा हा व्यवहार आपल्याकडे नवा नाहीं. पंडिता रमाबाई १८८३ सालीं लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या. प्रवासखर्च 'स्त्रीधर्मनीति' या त्यांच्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा राहिला. इंग्रजीचे धडे पुण्यासच सुरू झाले होते. वाँटेज येथील मठांत असें ठरलें होतें कीं, हिंदुस्थानांत येणाऱ्या ख्रिस्ती भगिनींस रमाबाईंनीं मराठी शिकवावें आणि त्यांच्या राहण्याजेवण्याची व इंग्रजीच्या शिक्षणाची सोय मठानें करावी. वैद्यक शिकण्याचा मूळ बेत मात्र कानांच्या अधूपणामुळें सोडावा लागला. पुढें १८८४ पासून चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयांत त्या एका वर्गांत संस्कृतच्या अध्यापिका, तर दुसऱ्या वर्गांत विद्यार्थिनी होत्या. त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवूं नये असा आक्षेप कांहीं बिशपांनीं घेतला! कलकत्त्याच्या पंडितांपुढें संस्कृतांत बोलून आलेल्या बाईस तो कसा रुचावा? १८८७ सालीं अमेरिकेंत त्यांचा उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो इंग्रजींतच.

आजचा आक्षेप निराळा आहे. दक्षिण कोरियांत इंग्रजी शिक्षकाचा परवाना सामान्यतः ७ इंग्रजीभाषी देशांच्या नागरिकांसच मिळतो. भारताशीं झालेल्या व्यापारी करारामुळें आपल्या प्रशिक्षित शिक्षकांस थोडी वाट झाली आहे, इतकेंच. जपानी शाळांतून परभाषा शिकविण्याच्या परवान्यासाठीं त्या भाषेच्या माध्यमांतून १२ वर्षें शिक्षण झालेलें असावें लागतें. गंगाखेडच्या मराठी शाळेंतील वर्षें तेथें हिशेबांतच धरलीं जात नाहींत. खासगी संभाषणवर्गांचा परवाना वेगळा असून तेथें पदवीला मान आहे. म्हणून कोणत्या परवान्यावर जावयाचें तें आधीं नीट पाहावें, मग तिकिटाचा विचार करावा.

हे नियम मला आखूडदृष्टीचे वाटतात. मराठींत 'ए' आणि 'दि' हीं उपपदें नाहींत, जपानींतही नाहींत. तीं कोठें घालावीं हें इंग्रज मुलास कोणी शिकवीत नाहीं, आणि म्हणून कोणी विचारलें तर त्यास सांगतांही येत नाहीं. आपण मात्र तीं चुकत, लाल शाईचे शेरे खात शिकलों आहोंत. जपानी मुलगा नेमका कोठें अडखळेल हें मराठी शिक्षिकेस त्यानें तोंड उघडण्यापूर्वींच ठाऊक असतें.

शिकण्याच्या बाजूनेंही हेंच सोयीचें ठरतें. "वाताशि वा होन ओ योमिमास" या जपानी वाक्याचा अर्थ "मी पुस्तक वाचतें" असा आहे. 'होन' म्हणजे पुस्तक, त्यामागून येणारा 'ओ' हा कर्माचा प्रत्यय, आणि क्रियापद आपल्याप्रमाणेंच अगदीं शेवटीं. इंग्रजी माणसास हें वाक्य उलटें भासतें. आपणांस त्यांत केवळ शब्द नवे असतात. आदरार्थी रूपांचें ओझें मात्र जपानींत फार आहे. आपल्या 'तूं' आणि 'आपण' यांच्या भरंवशावर तेथें राहूं नये.

त्या मुलीनें अर्ज अद्याप केलेला नाहीं. हिरागाना लिपीचीं ४६ अक्षरें ती सध्या गिरवीत आहे. परवां वही दाखवून म्हणाली, "सर, हें तर अ, इ, उ, ए, ओ, आणि पुढें क!" तो क्रम बौद्ध भिक्षूंच्या अध्ययनांतून, आपल्याच वर्णमालेवरून तेथें गेलेला आहे, हें मीं तिला सांगितलें.