कंपन्यांची युद्धपोस्टरं : आधी तळाची ओळ वाचा

ठिपक्यांचा लाल रुमाल बांधून दंड दाखवणारी कामगार स्त्री आणि वर 'वी कॅन डू इट!' ही घोषणा. जे. हॉवर्ड मिलर यांनी हे पोस्टर वेस्टिंगहाउस या अमेरिकी कंपनीसाठी काढलं. मूळ प्रतीच्या तळाशी, ते १५ ते २८ फेब्रुवारी या काळात लावावं, अशी बारीक सूचना छापलेली आहे. म्हणजे १९४३ मध्ये कंपनीच्याच कारखान्यांत दोन आठवडे लावायचं हे पोस्टर. प्रतीही १,८००च्या आतच. 'रोझी द रिव्हेटर' हे युद्धकाळातल्या कामगार स्त्रियांचं टोपणनाव त्याला चिकटलं ते थेट १९८०च्या दशकात.

कंपन्यांनी पोस्टरं का काढली? १९४२ मध्ये अमेरिकेच्या युद्ध उत्पादन मंडळाने कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांच्या संयुक्त समित्या नेमण्याचा आग्रह धरला. संप टळावेत, खाडे कमी व्हावेत, उत्पादन वाढावं, यासाठी कंपन्यांनी भिंतींचा उपयोग केला. सीग्रॅम या मद्य कंपनीने तर बारमध्ये लावायला पोस्टरं काढली : सैल जिभेमुळे जहाजं बुडू शकतात! पिणाऱ्याची जीभ सुटते, तिथेच हा इशारा टांगलेला.

पोस्टर सरकारचं की कंपनीचं, हे ओळखायला संग्राहकाने तपासणी तळापासून सुरू करावी. सरकारी पोस्टरवर बहुधा सरकारी मुद्रणालयाचं नाव, वर्ष आणि क्रमांक असतो. कंपनीच्या पोस्टरवर त्या जागी कंपनीचं नाव, बोधचिन्ह किंवा अंतर्गत समितीचा उल्लेख सापडतो.

मग टेप लावून मोजा. वेस्टिंगहाउसचं ते पोस्टर १७ × २२ इंचांचं आहे. माप जुळलं तरी खात्री धरू नका, भिंग घ्या. जुन्या प्रतीचा फोटो काढून छापलेल्या नकलेत बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. घडीची रेघ डोळ्यांना दिसत असेल पण बोटाला लागत नसेल, तर ती कागदाची घडी नव्हे, घडीचं छापलेलं चित्र आहे.

कोपऱ्यांतल्या टाचण्यांच्या भोकांना घाबरू नका. पोस्टर खरोखर भिंतीवर लागलं होतं, याची ती खूण असते. कडा कापलेली प्रत मात्र विचार करून घ्या, कारण कात्रीखाली पुरावाच गेलेला असतो.

घरी आणल्यावर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये, उन्हापासून आणि दमटपणापासून दूर, आडवं ठेवा. सोबत एका चिठ्ठीवर पोस्टर कुणाकडून मिळालं, कोणत्या कारखान्यातून आलं, ते पेन्सिलीने लिहा. ही पोस्टरं ठरावीक भिंतीसाठी, ठरावीक माणसांसाठी काढलेली होती. ती भिंत कोणती आणि ती माणसं कोण, हे नोंदवलं नाही तर हाती फक्त चित्र उरतं.