अलंकार कोठवर?

पर्युषण संपता संपता नाहूर-मुलुंड परिसरातील आपल्या घराघरांत मोबाइल क्षमापनेच्या संदेशांनी भरून जातात. सोनेरी वेलबुट्टी, उमललेले कमळ, तेवणारा दिवा आणि त्याखाली यमकांत गुंफलेली चार ओळींची याचना. एकच संदेश तीनशे-चारशे जणांना जातो. ज्या भावाशी पेढीच्या वाटणीवरून अबोला आहे त्यालाही तोच जातो. क्वचित नेमके त्यालाच वगळून इतर सर्वांना जातो.

अलंकाराचे आपल्या परंपरेला वावडे नाही. पूर्वी श्वेतांबर संघ आचार्यांना विज्ञप्तिपत्रे पाठवीत. ही कित्येक हात लांबीची गुंडाळीपत्रे असत. अष्टमंगल आणि चौदा स्वप्ने, मग नगरातील बाजार, दुकाने, देरासर, उपाश्रय यांची चित्रे. पुढे नगराचे व गुरुगुणांचे अलंकारिक वर्णन. त्याच्या जोडीला संवत्सरीची क्षमायाचना आणि चातुर्मासाची विनंती. इ. स. १६१० मध्ये आग्र्याच्या संघाने विजयसेनसूरींना पाठविलेले पत्र उस्ताद शालिवाहन यांनी चितारले. त्यात जहांगीर बादशहाचा दरबार आहे आणि पर्युषणात जीवहिंसा बंद ठेवण्याच्या फर्मानाचा प्रसंग आहे. थाट मोठा खरा, परंतु पाठविणारा एक संघ होता, घेणारे एक आचार्य होते आणि त्या थाटात कळविण्याजोगे वर्तमान होते. आजच्या वेलबुट्टीत यांपैकी काहीच उरलेले नाही.

बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘काव्यानुशासन’ या ग्रंथात अलंकाराविषयी मोठा व्यवहारी विचार मांडला आहे. काश्मीरच्या आनंदवर्धनांपासून चालत आलेलाच तो विचार. अलंकार रसाला उपकारक हवा. तो योग्य वेळी घ्यावा, योग्य वेळी सोडावा आणि फार ताणू नये. यांतले ‘सोडावा’ हे आपण विसरतो. (लग्नपत्रिकांविषयी येथे न बोललेलेच बरे.)

शिल्पात हा विवेक पाहायचा असेल तर वेरूळला जावे. तेथील ३० ते ३४ क्रमांकांची लेणी जैन आहेत. त्यांतील ३२ वे लेणे म्हणजे इंद्रसभा. खांबांवर नाजूक कोरीवकाम, आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली अंबिका, समोर हत्तीवर यक्ष. दोघेही आभूषणांनी मढलेले. मात्र तीर्थंकरांच्या मूर्तीपाशी येताच शिल्पकाराने दागिना ठेवून दिला आहे. आपल्या देरासरात आंगी रचली जाते, पण ती भक्ताची भावना. पक्षालापूर्वी ती उतरतेच.

‘मिच्छा मि दुक्कडं’ हे शब्द प्राकृतातले, म्हणजे लोकभाषेतले. माझे दुष्कृत मिथ्या होवो, एवढाच त्यांचा अर्थ. त्यांत उपमा नाही, यमक नाही. ‘दुक्कडं’ म्हणजे कोणते, हे मात्र ज्याचे त्याने सांगायचे असते, आणि तेथेच सुंदर शब्दांचा आडोसा कामाला येतो. आयुष्यभर बँकेत पत्रे वाचली. ज्या पत्रात नम्रतेची विशेषणे अधिक, त्यात मूळ रकमेचा उल्लेख बहुधा शेवटच्या ओळीत सापडे.

यंदा शेकडो जणांना पाठवायचा संदेश खुशाल नटवावा. परंतु वाटणीनंतर दुरावलेल्या भावासाठी साधे पोस्टकार्ड घ्यावे. गोदामाच्या हिशेबात जो आकडा आपण बरोबर म्हणून रेटला तो त्यावर लिहावा, खाली ते तीन शब्द लिहावेत, आणि सही स्वतःच्या हाताने करावी.