घडीचा जपानी कॅमेरा : भंगारात देण्यापूर्वी

मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत तिने आठ लाखांचा टप्पा ओलांडला. मुंबईतील चाळी आणि जुनी घरे सोडून या शहरात आलेल्या कुटुंबांबरोबर लोखंडी ट्रंका, पेट्या आणि त्यातले जुने सामानही आले. अशा एखाद्या ट्रंकेच्या तळाशी चामडी पाकिटात ठेवलेली एक चपटी, जड वस्तू हाती लागते. कळ दाबली की तिचे पुढचे झाकण उघडते आणि हार्मोनियमसारखा काळा भाता ताणत भिंग बाहेर येते. हा घडीचा कॅमेरा. त्यावर मामिया, मिनोल्टा, ओलिंपस किंवा कोनिका यांपैकी एखादे नाव असेल, तर ती वस्तू भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्यापूर्वी थोडा विचार करायला हवा.

मोठी फिल्म, छोटा खिसा

या कॅमेऱ्यांत '१२०' क्रमांकाची रोल फिल्म वापरली जाते. कोडॅकने ती १९०१ मध्ये बाजारात आणली आणि आजही ती त्याच क्रमांकाने तयार होते. सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीच्या या फिल्मच्या पाठीला काळा कागद असतो. एका रोलवर ६ बाय ६ आकाराची १२, तर ६ बाय ४.५ आकाराची १६ छायाचित्रे निघतात. नंतर सर्वत्र रूढ झालेल्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या तुलनेत ६ बाय ६ च्या निगेटिव्हचे क्षेत्रफळ साडेतीनपटींहून अधिक भरते. साहजिकच मोठे छायाचित्र करतानाही त्यातील बारकावे टिकतात. शिवाय निगेटिव्ह थेट कागदावर ठेवूनही पाहण्याजोगी प्रत मिळते. जुन्या अल्बममधील पांढऱ्या कडांच्या लहान चौकोनी छायाचित्रांपैकी अनेकांचा जन्म असाच झाला.

मोठ्या फिल्मला मोठा कॅमेरा लागतो, कारण भिंग आणि फिल्म यांच्यात ठरावीक अंतर राखावे लागते. भात्याने ही अडचण सोडवली. वापरताना अंतर मिळते आणि काम संपल्यावर कॅमेरा मिटून कोटाच्या खिशात जातो.

जपानने घेतलेला धडा

या तंत्रात जर्मनी आघाडीवर होती. जपानी उद्योजकांनी तिच्याकडूनच धडे घेतले. काझुओ ताशिमा यांनी १९२८ मध्ये जर्मन तंत्रज्ञांना सोबत घेऊन स्थापन केलेली कंपनी पुढे मिनोल्टा म्हणून नावारूपाला आली. तिचा १९२९ मधील पहिला कॅमेरा घडीचाच होता. सूक्ष्मदर्शके बनविणाऱ्या ओलिंपसने १९३६ मध्ये कॅमेऱ्याच्या क्षेत्रात पाऊल टाकले, तेही 'सेमी ओलिंपस' या घडीच्या कॅमेऱ्याने. नावातील 'सेमी' म्हणजे ६ बाय ४.५ आकाराचे छायाचित्र देणारा, तर 'सिक्स' म्हणजे ६ बाय ६ चा, असा तिथला संकेत होता.

या मालिकेतील सर्वांत कल्पक यंत्र म्हणजे १९४० मधील 'मामिया सिक्स'. भिंग पुढेमागे सरकवून प्रतिमा स्पष्ट करावी, ही सर्वसाधारण रीत. पण घडी होणाऱ्या दारावरचे भिंग अंतरमापकाशी अचूक जोडणे कठीण असते. सेइइची मामिया यांनी उलटा विचार केला. त्यांनी भिंग स्थिर ठेवले आणि कॅमेऱ्याच्या भक्कम सांगाड्यातील फिल्मच मागेपुढे सरकवली. मागील बाजूची चक्री अंगठ्याने फिरवली की काम झाले.

महायुद्धानंतर उद्ध्वस्त जपानला परकीय चलन हवे होते आणि कॅमेरा ही निर्यातीची वस्तू ठरली. १९४७ ते १९५२ या काळातील काही कॅमेऱ्यांवर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' ही अक्षरे आढळतात. मालाच्या दर्जाविषयी शंका राहू नये म्हणून १९५४ मध्ये तपासणी संस्था स्थापन झाली. तिची 'पास्ड' असे लिहिलेली सोनेरी लंबगोल चिकटपट्टी त्यानंतरच्या अनेक जपानी कॅमेऱ्यांवर दिसते. कोनिकाचा 'पर्ल ४' १९५८ मध्ये आला, तेव्हा मात्र घडीच्या कॅमेऱ्यांचा काळ सरत आला होता. ३५ मिलिमीटरच्या सुटसुटीत कॅमेऱ्यांनी त्यांची जागा घेतली.

भारतात परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर दीर्घकाळ कडक निर्बंध होते. त्यामुळे सामान्य घरांत बडोद्यात तयार होणारा 'आग्फा क्लिक थ्री' अधिक पोहोचला. जपानी कॅमेरा घरात असणे ही नवलाई होती, आणि तो जपून ठेवला जाई तो त्यामुळेच.

खाऱ्या हवेची परीक्षा

मात्र हे जपून ठेवणेच अनेकदा त्याच्या मुळावर येते. एका बाजूला उत्तनचा समुद्र, दुसरीकडे वसईची खाडी आणि मधे मिठागरे अशा या शहरात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर असते. बंद कपाटातील चामडी पाकीट ओलावा धरून ठेवते आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते. बुरशी वरवरची असेल तर ती साफ होते. काचेवरील मुलामा तिने खाल्ला असेल तर डाग कायमचे राहतात. खारी हवा लोखंडी भागांना गंज चढवते, तर भात्याच्या घड्यांचे कोपरे विरून सूक्ष्म छिद्रे पडतात.

कॅमेरा तपासण्यापूर्वी एक पथ्य मात्र अवश्य पाळावे. मागचे झाकण लगेच उघडू नये. पाठीवर लाल काचेची छोटी खिडकी असल्यास त्यातून कागदावरचा आकडा दिसतो का ते पाहावे. आकडा दिसला, तर आत फिल्म आहे. खिडकी नसेल, तर फिल्म पुढे नेणारी चक्री हलकेच फिरवून ताण जाणवतो का, याचा अंदाज घ्यावा. फिल्म असल्यास ती अंधाऱ्या खोलीत काढून जाणकाराकडे द्यावी. कृष्णधवल फिल्मवरील न धुतलेल्या प्रतिमा कित्येक दशकांनंतरही काही वेळा उमटतात. एखाद्या कुटुंबाने कधीच न पाहिलेले छायाचित्र त्या गुंडाळीत असू शकते. घाईने उघडलेले झाकण ते क्षणात पुसून टाकते.

फिल्म नाही याची खात्री झाल्यावर भाता तपासावा. अंधारात भात्याच्या आत छोटा टॉर्च लावला की छिद्रे ठिपक्यांसारखी चमकतात. लहान छिद्रे बुजवता येतात, विरलेला भाता मात्र बदलावा लागतो. त्यानंतर शटर सर्व वेगांवर चालते का ते पाहावे. जुने वंगण घट्ट झाल्याने संथ वेग अडकणे ही नेहमीची तक्रार असते. अशा वेळी जोर लावणे किंवा घरगुती तेल सोडणे म्हणजे दुरुस्तीची शक्यता संपवणे होय. जुन्या मामिया सिक्समध्ये फिल्मला मागून आधार देणारी पट्टी सुटी निघते. ती हरवली असेल तर प्रतिमा स्पष्ट येण्याची आशा उरत नाही.

वापरतानाही सावकाशी हवी. कॅमेरा झटक्यात उघडला की भात्यात हवेचा दाब कमी होतो आणि फिल्म पुढे ओढली जाऊन सपाट राहत नाही. म्हणून आधी कॅमेरा उघडावा, मगच फिल्म पुढे न्यावी. पूर्वीच्या बहुतेक फिल्म्सना लाल प्रकाश जाणवत नसे, आजच्या फिल्म्सना तो जाणवतो. त्यामुळे लाल खिडकी आकडा पाहण्यापुरतीच उघडावी.

आजचा हिशेब

उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म इतिहासजमा झाली. आता १२० ची फिल्म आयात होते आणि महाग पडते. फोर्टच्या बोरा बझारसारख्या कॅमेऱ्यांच्या बाजारपेठेतही जुनी शटर उघडू शकणारे कारागीर कमी होत चालले आहेत. तरीही घडीच्या कॅमेऱ्याची कल्पना टाकाऊ ठरली नाही. फुजीने १९८३ मध्ये आणि त्यानंतर पुन्हा २००९ मध्ये याच तत्त्वावर नवे कॅमेरे विक्रीस आणले. डिजिटलचा जोर असताना भात्याचा कॅमेरा नव्याने बनावा, यातच त्या रचनेची महती आली.

कॅमेरा वापरायचा नसला, तरी तो चामडी पाकिटातून काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे हा साधा आणि स्वस्त उपाय आहे. पुड्या पावसाळ्यात वरचेवर बदलाव्यात. त्याच ट्रंकेत निगेटिव्ह असतील, तर त्यांनाही प्लॅस्टिकच्या चिकटणाऱ्या पिशवीऐवजी कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी हलवावे. दुरुस्त केलेला कॅमेरा नवी छायाचित्रे काढू शकेल, पण चिकटून खराब झालेली निगेटिव्ह पुन्हा मिळत नाही.