कोडिंगची सुरुवात घरच्या फरशीवरून



"मुलगी दुसरीत आहे, कोडिंगचा क्लास लावू का?" हा प्रश्न हल्ली पालकसभेत हमखास येतो. जाहिराती पाहून वाटतं, आपलं मूल मागे पडेल. पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येसुद्धा कोडिंगचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यावर सुचवले आहेत. तेव्हा लहान मुलांच्या बाबतीत घाई नको. त्याआधी घरीच, खेळता खेळता पाया घालता येतो.

कोडिंग म्हणजे संगणकाला क्रमाने आणि नेमक्या सूचना देणे. संगणक आपल्या मनातलं ओळखत नाही, सांगितलं तेवढंच करतो. हे मुलांना कळलं की अर्धं काम झालं.

१) फरशीवरचा रोबो : तुम्ही रोबो व्हा. मुलाने तुम्हाला दारापासून पाटापर्यंत न्यायचं. सूचना तीनच : एक फरशी पुढे, उजवीकडे वळ, डावीकडे वळ. आधी सगळ्या सूचना कागदावर लिहायच्या, मग रोबो चालणार. सूचना चुकली तर भिंतीपर्यंत जा आणि थांबा. स्वतःहून वाट सुधारू नका! कुठली ओळ चुकली ते मुलालाच शोधू द्या. प्रोग्रॅमर यालाच डिबगिंग म्हणतात.

२) जर-तर : एक टाळी वाजली तर बसायचं, दोन वाजल्या तर उठायचं, नाहीतर स्तब्ध. हळूहळू नियम वाढवा. यातून अट म्हणजे काय ते समजतं.

३) पुन्हा पुन्हा : अंगणात खडूने चौकोन काढायचा. "चार पावलं चाल, उजवीकडे वळ" हे चार वेळा. आठ सूचनांऐवजी दोनच सूचना आणि 'चार वेळा' एवढा शब्द! हाच लूप.

यानंतर स्क्रीनकडे वळा. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी टॅबवर चालणारं स्क्रॅच ज्युनिअर आहे. आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेलं स्क्रॅच आहे. दोन्ही मोफत. रंगीत ठोकळे जोडायचे, की मांजर चालू लागते.

पाचवी-सहावीच्या मुलांना स्क्रॅचमध्ये 'पेन' जोडून समभुज त्रिकोण काढायला सांगा. बहुतेक मुलं ६० अंश वळवतात, कारण पुस्तकात कोन ६० चा असतो. पण त्रिकोण बंदच होत नाही! उत्तर सांगू नका. मुलाला जमिनीवर त्रिकोणाच्या रेघेवरून चालायला लावा. पूर्ण फेरीत आपण ३६० अंश वळतो, म्हणून तीन वळणांत प्रत्येकी १२०. भूमितीचा धडा इथे पायांनी समजतो.

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे. मूल अडलं की "अजून एकदा वाचून बघ, रोबो कुठे अडला?" एवढंच विचारा. चूक शोधताना कंटाळत नाही ते मूल पुढे कुठलीही संगणकीय भाषा शिकेल.