एकोणतीस नंबरचा कप्पा

'बार' हा शब्द मराठी मध्यमवर्गीय घरात कधी सरळ सुरात उच्चारला गेलेला नाही. लग्नाचा बार उडतो, तेव्हा सगळे आनंदाने जेवायला जातात. वकिलांचा बार असतो, त्याला प्रतिष्ठा असते. पण दिवेलागणीनंतर कुणी नुसतं 'तो बारमध्ये गेलाय' म्हटलं, की माजघरातला जप थांबतो. महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी परवाना लागतो. १९४९च्या दारूबंदी कायद्याची ती देणगी. त्यातूनच 'परमिट रूम' हा खास आपला शब्द जन्माला आला. काळ्या काचा, आत मिणमिणता लाल दिवा, आणि आत शिरणारा माणूस आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकणार, हे चित्र आपल्या सर्वांच्या ओळखीचं आहे.

अशा संस्कारांत वाढलेल्या आणि चौतीस वर्षं बँकेच्या खुर्चीत घालवलेल्या माणसाने रविवारी सकाळी, तुमच्या चहाच्या वेळी, डेन्मार्कमधल्या एका बारबद्दल लिहावं, याला कारण आहे. त्या बारमध्ये मला जे सापडलं, ते पेल्यात नव्हतं, भिंतीवर होतं.

गावाचं नाव रीबे. जटलंड द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्येला, समुद्रापासून थोडं आत वसलेलं, वस्ती आठ हजारांच्या आसपास. डेन्मार्कमधलं सर्वांत जुनं शहर म्हणून ते ओळखलं जातं. आठव्या शतकाच्या सुरुवातीला इथे नदीकाठी बाजार भरू लागला, आणि तेव्हापासून गाव कधी पूर्ण उठलं नाही. नदीच्या धक्क्यावर एक लाकडी खांब आहे. कोणत्या वर्षी पूर कुठवर चढला, याची कडी त्यावर बसवली आहेत. सर्वांत वरचं कडं ऑक्टोबर १६३४चं. ते माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होतं. उन्हाळ्यात रात्री हातात कंदील घेतलेला पहारेकरी अजूनही गल्ल्यांतून गाणं म्हणत फिरतो. आता तो पर्यटकांसाठी फिरतो हे खरं. पण एके काळी आग आणि पूर यांच्यावर नजर ठेवणं हेच त्याचं काम होतं.

आमचे जावई तिथून तीसेक किलोमीटरवर, एस्बियर बंदरात, समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामावर आहेत. २०२५च्या जूनमध्ये आम्ही उभयता लेकीकडे गेलो होतो. शेजारी एक निवृत्त इलेक्ट्रिशियन राहत. वय सत्तरीचं, बोलणं मोजकं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुंपणावरून विचारलं, "गुरुवारी संध्याकाळी आमच्या बारमध्ये याल का? दोघंही या." सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "अहो, तिथे बायका असतात का?" त्यांनी तो प्रश्न भाषा न कळताही ओळखला असावा. म्हणाले, "मालकीणच बाई आहे."

अशा जागेला डॅनिश लोक 'वॅर्ट्सहूस' म्हणतात, म्हणजे यजमानाचं घर. कुणी 'बोदेगा'ही म्हणतं. बाहेरून पाहिलं तर काही ओळखू येऊ नये अशी जागा. ठेंगणं छत, धुराने आणि वयाने तपकिरी झालेलं लाकूड, खिडकीत फुलांची कुंडी, प्रत्येक टेबलावर पेटवलेली मेणबत्ती. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. मेणबत्तीची काही गरज नव्हती. पण डॅनिश माणसाला निवांत बसायचं म्हटलं की मेणबत्ती लागतेच. या निवांतपणालाच ते 'हुगे' म्हणतात. २०१६च्या सुमारास इंग्रजी पुस्तकांनी तो शब्द जगभर नेला आणि त्याच्या जोडीने उशा, मोजे नि कॉफीचे मगही विकले. त्या बारमध्ये मात्र तो शब्द संध्याकाळभर कुणी उच्चारला नाही.

२००७ साली डेन्मार्कने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी केली, पण चाळीस चौरस मीटरपेक्षा लहान आणि जेवण न देणाऱ्या बारना त्यातून सूट मिळाली. आमचा बार त्या मापात बसत होता. त्यामुळे सौभाग्यवतींसाठी दाराजवळची खुर्ची रिकामी करण्यात आली. मालकिणीने त्यांच्यापुढे कॉफी ठेवली आणि थेट 'डू' म्हणजे 'तू' म्हणून गप्पा सुरू केल्या. डॅनिश भाषेतही आदरार्थी 'तुम्ही' आहे, पण गेल्या पन्नासएक वर्षांत तो जवळजवळ राजघराण्यापुरताच उरला. पलीकडच्या टेबलावर चामड्याच्या पेल्यातून फासे हलवले जात होते. 'मायर' नावाचा खेळ. दोन फासे पेल्याखाली टाकायचे, आपण एकट्यानेच पाहायचे, आणि काय पडलं ते खरं किंवा खोटं सांगायचं. दोन आणि एक पडले तर सर्वांत मोठा डाव. अर्ध्या तासात सौभाग्यवती त्या टेबलावर होत्या आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता खोटं सांगत होत्या. आमच्या संसाराच्या काही जुन्या हिशेबांकडे मी त्या क्षणी नव्या नजरेने पाहिलं.

तेवढ्यात शेजारी उठले, भिंतीजवळ गेले, घडी घातलेली एक नोट त्यांनी एका फटीतून आत सरकवली आणि परत येऊन बसले.

भिंतीवर लोखंडी पेटी होती. टपाल कचेरीतल्या पत्रांच्या खणांसारखी, पण फार लहान खणांची. प्रत्येक खणाला एक फट आणि एक नंबर. माझ्यातला बँकवाला ताठ बसला. "हे काय?" मी विचारलं. ते म्हणाले, "स्पारेफोरेनिंग." म्हणजे बचत मंडळ.

प्रकार असा. बारमध्ये नेहमी येणारी माणसं मंडळाचे सभासद होतात. प्रत्येकाला एक कप्पा. दर आठवड्याला ठरलेली किमान रक्कम त्यात टाकायची. ठरलेल्या दिवशी समितीतली दोन माणसं मिळून पेटी उघडतात, पैसे मोजतात, वहीत लिहितात आणि रक्कम बँकेत भरतात. नाताळच्या आधी ज्याचे त्याला पैसे परत मिळतात आणि त्या दिवशी सर्वांचं एकत्र जेवण होतं. एखाद्या आठवड्यात कप्पा रिकामा निघाला तर लहानसा दंड; तो या जेवणाच्या खर्चात जातो.

दोन माणसं मिळून पेटी उघडतात, हे ऐकताच मला आमच्या तिजोरीची आठवण झाली. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या, एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे, आणि दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. तोच नियम इथे बिअरच्या पिंपाशेजारी पाळला जात होता. त्याच भिंतीवर चार पावलांवर जुगाराचं यंत्रही होतं. डॅनिश भाषेत त्याला गमतीने 'एक हाताचा चोर' म्हणतात. एका खोलीत एक यंत्र पैसे खात होतं आणि दुसरी पेटी ते साठवत होती. कोणता माणूस कुठे जातो, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच बहुधा पेटीचं पारडं थोडं जड राहत होतं. दारूने तिथेही संसार मोडतात. त्या जागेचं देऊळ करण्याचा माझा इरादा नाही.

एकत्र येऊन हिशेब ठेवण्याची ही सवय या मातीतली आहे. डेन्मार्कची पहिली सहकारी दूधडेअरी १८८२ साली पश्चिम जटलंडमध्येच, येडिंग या खेड्यात निघाली. आपल्याकडे प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तो १९५०च्या सुमारास. दोन्हींच्या मुळाशी एकच कल्पना होती, एकट्याला जे परवडत नाही ते दहा जणांना परवडतं.

मी व्याजाचं विचारलं. बँकवाल्याला दुसरं काय सुचणार! शेजारी हसले. डेन्मार्कच्या मध्यवर्ती बँकेने २०१२ साली ठेवींवरचा दर शून्याखाली नेला. मधला थोडा काळ सोडला तर २०२२च्या सप्टेंबरपर्यंत तो उणेच होता. पुढे व्यापारी बँकांनी मोठ्या ठेवी ठेवणाऱ्या सामान्य ग्राहकांकडूनही व्याज घ्यायला सुरुवात केली. पैसे ठेवायचे तुम्ही आणि व्याजही द्यायचं तुम्हीच! आमच्या प्रशिक्षण केंद्रात कुणी हे शिकवलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. "व्याजासाठी कुणीच टाकत नाही," ते म्हणाले. मग कशासाठी?

त्यांनी एकोणतीस नंबरच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. तो एका सुताराचा. काही वर्षांपूर्वी एका गुरुवारी पेटी उघडली तेव्हा तो रिकामा निघाला. या माणसाचा कप्पा आजवर कधी रिकामा राहिला नव्हता. खजिनदार दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी गेले. दार उघडायला त्याला फार वेळ लागला. बायको जाऊन महिना झाला होता. त्याने चार दिवस धड खाल्लं नव्हतं, पडदे उघडले नव्हते, कुणाशी बोलला नव्हता. खजिनदारांनी फक्त एवढंच म्हटलं, "तुझ्याकडून दंड यायचा आहे." त्या संध्याकाळी तो दंड भरायला आला. आता तो फासे खेळणाऱ्या टेबलावर, सौभाग्यवतींच्या समोर बसला होता आणि त्यांच्याकडून सपाटून हरत होता.

मला आमच्या कोकणातल्या शाखेचा पिग्मी एजंट आठवला. पिग्मीची कल्पना १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने काढली. ती बँक २०२०मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण 'पिग्मी' हा शब्द आपल्या बाजारपेठांत टिकला. आमचा एजंट सायकलवरून दुकानोदुकानी फिरे आणि संध्याकाळी रकमेबरोबर बातमीही आणे. कासाराचं दुकान बंद आहे, शिंपी तापाने आडवा आहे, चहावाल्याच्या मुलाला नोकरी लागली. आम्ही रक्कम खात्यात लिहीत असू. बातमीसाठी आमच्या वहीत रकाना नव्हता.

बारच्या पेटीलाही आता दिवस कठीण आहेत. डेन्मार्कमध्ये २०१३ साली मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आली आणि रोख रक्कम झपाट्याने आटली. हजार क्रोनरची नोट, बरीच आधी सूचना देऊन, ३१ मे २०२५नंतर चलनातून बाद झाली. आम्ही गेलो तेव्हा तोच विषय सर्वांच्या तोंडी होता. नोटाबंदीच्या रांगांचा धनी म्हणून मीही त्यात दोन शब्द घातले. मंडळाच्या बँक खात्यावर शुल्क लागतं. नवे सभासद येत नाहीत. तरुण मुलं शिक्षणासाठी मोठ्या शहरात जातात. "मोबाइलवरून पैसे पाठवले तर चालणार नाही का?" मी विचारलं. शेजारी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पैसे येतील. माणूस आला की नाही, ते कसं कळणार?"

या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सुचलं नाही आणि अजूनही सुचलेलं नाही. आपल्याकडे बार नको; परमिट रूमची तरफदारी करायला मी बसलेलो नाही. आपल्याकडे भिशी होती, कट्टा होता, भजनी मंडळ होतं, वाचनालयाचा बाक होता. तिथे आपण काय मिळवत होतो, असं कुणी विचारलं असतं तर 'काही नाही, वेळ घालवत होतो' असंच आपण म्हटलं असतं. आता वर्गणी फोनवरून जाते, पेन्शन खात्यात जमा होते, भाजी दारात येते. सगळी देणी-घेणी बिनचूक होतात, आणि सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा चार दिवस खाली उतरले नाहीत, हे कुणाच्याच वहीत येत नाही.

बँकेत आम्ही रिकामं खातं म्हणजे निरुपयोगी खातं समजत असू. रीबेच्या त्या पेटीत सर्वांत मोलाची नोंद रिकाम्या कप्प्याची होती. आपला कप्पा रिकामा राहिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दार कोण वाजवील, एवढा हिशेब प्रत्येकाने आजच्या रविवारी मनातल्या मनात करून पाहावा.