हळू चालणं महाग पडतं

उमरखेडच्या बसस्थानकावर उतरून अर्धा किलोमीटर चालायला 60 किलो वजनाच्या धडधाकट माणसाला साधारण साडेचार लिटर ऑक्सिजन लागतो. म्हणजे 22-23 उष्मांक. एका पोळीत याहून कितीतरी जास्त असतात. लकवा होऊन गेलेल्याला अनेकदा दीडपट-दुप्पट लागतो. तरी खर्च पोळीच्या आतलाच. मग तो मध्येच एखाद्या ओट्यावर का टेकतो?

निरोगी चाल स्वस्त पडते ती उलट्या लंबकासारख्या हालचालीमुळे. टेकलेल्या पायावरून शरीर वर चढतं, पुढे उतरतं आणि चढताना घातलेली बरीच ऊर्जा उतरताना परत मिळते. मागचा घोटा ऐन वेळी रेटा देतो. लकव्यात हा रेटाच कमी पडतो. पंजा लोंबतो, गुडघा ताठ राहतो. मग माणूस कंबर उचलून पाय बाहेरून विळा फिरवावा तसा पुढे आणतो. शिवाय परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आखडतात आणि ऑक्सिजन आपसातल्या झटापटीत खर्ची पडतो.

खरी मेख मिनिटाच्या हिशेबात आहे. धडधाकट माणूस मिनिटाला सत्तरेक मीटर जातो, किलोमागे 10-11 मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. लकव्याचा रुग्ण जेमतेम 30 मीटर जाऊन 9 मिलिलिटर वापरतो. त्यात, अंथरुणाला खिळल्यामुळे, त्याची कमाल क्षमता बऱ्याचदा समवयस्कांच्या निम्मीच उरलेली. त्याला ‘आळशी’ म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावं. पैनगंगेकाठच्या काळ्या रानात, पावसाळ्यात, तर आकडे आणखी चढणार.

घरचे काळजीने म्हणतात, ‘बाबा, हळू चाला.’ पण फार हळू चाललं की लंबकाची लय जमत नाही आणि शरीर नुसतं चालू ठेवण्याचा खर्च थोड्याच मीटरांवर पडतो. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, रक्तदाब आणि तोल सांभाळून वेग वाढवला, तर अनेकांचा दर मीटरचा खर्च उतरतो.

2017 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी घोट्याला मदत करणारा मऊ यांत्रिक पोशाख वापरून हा खर्च सुमारे 10 टक्के कमी करून दाखवला. कौतुक आहेच. पण विदर्भातल्याच गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने 86 गावांत 2011 ते 2013 नोंदी ठेवल्या, तेव्हा मृत्यूंचं पहिलं कारण पक्षाघात, म्हणजे हाच लकवा, निघालं, आणि त्यातले बहुतेक मृत्यू घरीच झालेले. अशा गावांतून जे वाचतात त्यांच्यापर्यंत आधी साधी प्लॅस्टिकची पट्टी पोचायला हवी. ती पंजा लोंबू देत नाही आणि चालण्याचा खर्चही कमी करू शकते. अडचण आपल्या उंबरठ्याची. पट्टी बुटात बसते, बूट दारात निघतो आणि न्हाणीघरापर्यंतची पावलं तिच्याविना पडतात. घरात वापरायला वेगळा, स्वच्छ बूट ठेवला की तेवढ्यापुरतं भागतं.